अळणी पेज

माझी सगळी नोकरी ओरोसच्या जिल्हा कचेरीत गेली, आणि त्यातली बहुतेक छाननीच्या टेबलावर. अर्ज यायचा, त्याला जोडलेले कागद मी एकेक करून बघायचो, काय कमी आहे ते लाल शाईने लिहायचो आणि अर्ज आल्या वाटेने परत जायचा. एकही त्रुटी नाही असा अर्ज समोर आला की मला बरं वाटायचं नाही. एवढा स्वच्छ कसा, म्हणून मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचायचो. आमच्या भागात तसंही कोणी कोणाचं पटकन खरं मानत नाही. आज बांगडा स्वस्त आहे असं कोणी सांगितलं, तरी ऐकणारा आधी त्याच्या पिशवीत डोकावतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माणसांवर तर त्याहून नाही.

मी निवृत्त झालो, पण स्वभाव काही निवृत्त झाला नाही. हातातले कागद गेल्यावर तो माणसांकडे वळला आणि घरचीच दोन माणसं त्याच्या तावडीत सापडली. एक माझी आई आणि दुसरी माझी भावजय.

आई ब्याऐंशी वर्षांची. ती कुणकेश्वरला आमच्या घरी राहायची, धाकट्या भावाच्या बायकोबरोबर. भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने दर्यात. त्याची मुलगी शिकायला पुण्याला. म्हणजे घरात या दोघीच. मी ओरोसला नोकरीत असतानाच छोटं घर बांधलं होतं, तिथेच राहिलो. दर शनिवारी सकाळी एसटी पकडायची, कणकवलीला गाडी बदलायची, आणि दुपारच्या आत कुणकेश्वरला पोचायचं. पोचल्यावर आईच्या पाया पडायचं आणि मग घरात एक फेरी मारायची. फेरी मी सहज मारल्यासारखी मारायचो, पण भावजयीला ती तपासणी आहे हे कळत असणार. मी आलो की ती डब्यांची झाकणं आपणहून उघडी ठेवायची.

भावजय फोंडाघाटची. घाटाच्या पायथ्याशी बाजारात वाढलेली बाई, मोजकं बोलणारी. जास्त बोलणाऱ्या माणसाचं खोटं लवकर सापडतं, कमी बोलणाऱ्याचं सापडत नाही, एवढं मी टेबलावर शिकलो होतो. लग्न होऊन ती आली त्याला तेवीस वर्षं झाली होती आणि तेवीस वर्षांत मला तिच्यात एक चूक सापडली नव्हती. माझ्यासारख्याला संशय यायला हे पुष्कळ होतं. एकदा गप्पांच्या ओघात ती म्हणाली होती, "आई आसत म्हणान ह्या घर उघडा आसा. त्येंच्या मागे मी हय एकटी रवान काय करू?" साधं बोलणं. दुसऱ्या कोणी त्यात एकटेपणा ऐकला असता. मला त्यात आई जाण्याची घाई ऐकू आली.

आता मूळ गोष्ट. आदल्या वर्षी आईचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी सकाळी घ्यायची एक गोळी दिली आणि म्हणाले, मीठ जरा कमी करा. मग फेब्रुवारीत तिला लघवीला जळजळ व्हायला लागली. तेव्हा वेगळे डॉक्टर होते. त्यांनी पाच दिवसांचं औषध दिलं आणि सांगितलं, पाणी भरपूर प्यायला द्या. दोन्ही सूचना मी माझ्या वहीत उतरवल्या. उतरवताना "जरा कमी"चं "बंद" झालं आणि "भरपूर"चं "रोज तीन लिटर". मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. पण नियम म्हटला की तो अर्धामुर्धा पाळायचा नाही, अशी माझी खोड. पाच दिवसांनी जळजळ गेली, औषध संपलं, पाण्याचा नियम मात्र वहीत राहिला आणि मी तो चालू ठेवला.

एका शनिवारी मी स्वयंपाकघरात बसून सगळं खारं बाजूला काढलं. बरणीतली मिठात मुरवलेली कैरी, लोणचं, पापड, सुकट, दोरीवरचे सुके बांगडे. आमच्याकडे म्हातारी माणसं जगतात ती उकड्या तांदळाच्या पेजेवर. सकाळी दहाला पेज, आणि तिच्यासोबत तोंडाला लावायला यातलं काहीतरी खारं. पेजेला स्वतःची चव नसते, तिला चव येते ती ताटलीच्या कडेवर ठेवलेल्या त्या तुकड्यामुळे. मी तो तुकडाच जप्त केला. पिशवी भरून ओरोसला घेऊन गेलो, आणि खोटं कशाला बोलू, पुढे महिनाभर ते बांगडे मीच भाजून खाल्ले.

आईने पहिल्या दिवशी पेजेचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"गुरांच्या आंबोणात पण मिठाचो खडो घालतत रे," ती म्हणाली. "माका तेवढोय नको?"

"तुझ्या बऱ्यासाठीच सांगतंय," मी म्हटलं.

"माझा बरा माका ठावक नाय, तुका ठावक," ती म्हणाली आणि पेज प्यायली. त्यानंतर तिने तक्रार केली नाही. माझ्या आईने तक्रार करायची सोडली तेव्हाच मी जागं व्हायला हवं होतं.

मार्च लागला. ऊन वाढलं तसा मी पाण्याचा आग्रह वाढवला. फोन करून विचारायचो, किती बाटल्या झाल्या? भावजय आकडा सांगायची. आकडा नेहमी बरोबर तीन असायचा, म्हणून मला तोही खोटा वाटायचा. त्याच सुमाराला आई मलूल दिसायला लागली. जेवणावरची वासना गेली. मळमळतं म्हणायची, डोकं जड झालंय म्हणायची. दारातून अंगणात जाताना भिंतीला हात लावून चालायला लागली. वय झालं, असं भावजय म्हणाली असती तर मी लगेच तिला पकडलं असतं. पण ती म्हणाली, "भावजी, आई बऱ्यो दिसणत नाय. मीठ वायच सुरू करूया काय?" मी तिला वहीतलं वाक्य वाचून दाखवलं. तिने मान खाली घातली. माझ्या मनाने नोंद केली: मिठाचं नाव हिने काढलं.

मग मला एकेक गोष्टी दिसायला लागल्या. दोघी मागच्या पडवीत बोलत असायच्या आणि माझी चाहूल लागली की गप्प व्हायच्या. आई भावजयीकडे बघायची, भावजय चुलीकडे. एकदा आई तिला काहीतरी खूण करताना मला दिसली. मी विचारलं, "काय ता?" तर आई म्हणाली, "काय नाय, पाठ खाजवता." माझी आई माझ्यापासून काही लपवते आहे, म्हणजे ती कोणाला तरी घाबरते आहे. आणि घरात घाबरण्यासारखं माणूस एकच, असा हिशोब मी केला. त्या घरात मी धरून तीन माणसं होतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

शेजारच्या एका काकीने त्यात तेल ओतलं. "म्हाताऱ्येचा तोंड असा कसा झाला रे? देवाक कौल लावन बघ, कोणाचा काय आसा ता कळात," ती म्हणाली. मी तिला हसून उडवून लावलं. बाधा, नजर असलं मी मानत नाही. पण "कोणाचं काय" हा प्रश्न मात्र मी जपून घरी आणला.

त्याच महिन्याच्या शेवटी मी शनिवारऐवजी शुक्रवारी गेलो, न कळवता. बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, आत शिरलो तो पुढच्या दाराने गेलोच नाही. घराला वळसा घालून मागीलदारी आलो. आई पडवीत पाटावर बसली होती, पुढ्यात पेजेची ताटली. भावजयीने कमरेला खोचलेली कागदाची पुडी काढली, चिमूट भरली, पेजेत टाकली आणि बोटाने ढवळली.

इतके दिवस संशय घेत होतो, पण खरंच काही सापडेल याची माझी तयारी नव्हती.

"काय घातलंस गो?"

ती दचकली. पुडी लपवली नाही, हातातच राहिली. "मीठ," ती म्हणाली. "वायचसा."

मी पुडी घेतली, जिभेवर ठेवून बघितलं. मीठच होतं. दुसरा एखादा माणूस इथे शरमला असता आणि विषय संपला असता. माझं डोकं पुढे धावलं. रक्तदाबाच्या माणसाला रोज चोरून मीठ द्यायचं. एक दिवस झटका येणार, आणि लोक म्हणणार, बाई ब्याऐंशी वर्षांची होती, सोनं झालं. कोण विचारणार? याहून सोपं विष जगात नाही, असं मला वाटलं, आणि ते मी शोधून काढलं याचा, आता सांगायला लाज वाटते, मला थोडा अभिमानही वाटला.

मी आईकडे वळलो. "ही कधीपासून घालते तुका?"

आईने डोळे खाली वळवले. ताटलीकडे बघत राहिली. ती भावजयीला घाबरली आहे, असं मी समजलो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गाडी बोलावली आणि आईला ओरोसला न्यायला निघालो. बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी ठाण्याला गेली होती, पण मला कोणाची गरज वाटली नाही. वही होती, घड्याळ होतं.

"भावजी, तेंका हयच रवांदेत," भावजय म्हणाली. "तब्येत बरी नाय त्येंची."

"म्हणानच नेतंय," मी म्हटलं.

तिने आईची पिशवी भरून दिली. मी ती तिच्यासमोर उघडून बघितली. लुगड्यांच्या घडीत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला भाजलेला सुका बांगडा निघाला. अर्धाच, काटे काढलेला. मी तो तिच्या हातात परत दिला. गाडी वळेपर्यंत ती अंगणाच्या बेड्याशी तो कागद धरून उभी होती.

ओरोसला मी आईची व्यवस्था चोख लावली. एक लिटरच्या तीन बाटल्या, त्यांवर वेळा लिहिलेल्या. सकाळी गोळी. हलकं अन्न म्हणून तीन वेळा पेज, पातळ, अळणी. पहिले दोन दिवस ती मुकाट्याने प्यायली. तिसऱ्या दिवशी उलटी झाली, म्हणून मी पेज आणखी पातळ केली आणि भरून काढायला पाणी वाढवलं. चौथ्या दिवसापासून ती दिवसासुद्धा झोपायला लागली. हाक मारली की डोळे उघडायची आणि भलतंच बोलायची. अंगणात होडी ओढून ठेवली आहे म्हणायची. एका दुपारी तिने माझ्याकडे नीट बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

"साहेब," ती म्हणाली, "माझो अर्ज खंय अडाकलो हा काय?"

मला हसू आलं नाही. मी आत गेलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो. माझी आई मला ओळखत नव्हती, आणि जे ओळखत होती ते माझं सगळ्यांत वाईट रूप होतं.

तरीही संशय कुठे गेला? तो कुणकेश्वरलाच गेला. मी भावजयीला फोन लावला. "आईक आणखी काय घालत होतंस ता खरा सांग. गोळी? मुळी?"

मग ती म्हणाली, "भावजी, तेंच्या पेजेत वायच मीठ घाला. मी तुमचे पाय धरतंय." मी फोन ठेवून दिला. पकडली गेल्यावरही ही बाई मिठाचाच हट्ट धरते, असं माझ्या मनात आलं. तिच्या आवाजात रडं होतं हे मी ऐकलं होतं. ते खरं आहे की नाही याचाच मी विचार करत बसलो.

आमच्या शेजारी मालवणकडच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात, ख्रिस्ती बाई. सगळे त्यांना टीचर म्हणतात. त्या आईला भेटायला आल्या, तिचा हात हातात घेऊन बसल्या आणि उठताना मला म्हणाल्या, "भाऊ, ह्या म्हातारपण न्हय. माझ्या बापायचा असाच झाला होता. आज दवाखान्यात घेवन जावा, उद्या नको." मी त्यांना चहा विचारला आणि मनात म्हटलं, यांना एवढी काय पडली आहे? सोमवारी बघू, असं ठरवलं.

सोमवार उजाडला. साडेनऊला मी आईला टेकून बसवलं आणि पेजेचा चमचा तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं नाही. तिचा जबडा आवळला, डोळे वर गेले, आणि उजवा हात आपोआप झटके घ्यायला लागला. मग सगळं अंगच. पेज तिच्या छातीवर सांडली. मी तिला धरून ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही. टीचर धावत आल्या, त्यांनी तिला कुशीवर वळवलं, रिक्षा आणली, आणि रिक्षात आईचं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं. मी पाय धरून बसलो होतो. आई मेली तर भावजय म्हणेल तुम्ही मारली, हा विचार मला त्याही वेळी सुचला, आणि त्या विचाराची मला भीती वाटली. पहिल्यांदाच तो मला संशय वाटला नाही, शक्यता वाटली.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तिशीची असेल. झटका थांबवून तिने रक्त काढायला लावलं, आणि माझ्याकडे वळून कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. मी पाकीट दाखवलं. मग तिने विचारलं, "यांच्या खाण्यापिण्याचं कोण बघतं?"

"भावजय," मी म्हटलं. "कुणकेश्वरला."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. वर्षाचे तीनशे छप्पन दिवस भावजयच बघत होती. शेवटचे नऊ मी सांगितले नाहीत.

अहवाल आला. रक्तातलं सोडियम एकशे नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाली, "एकशे पस्तीसच्या खाली गेलं की आम्ही कमी म्हणतो. हे फारच खाली आहे."

"सोडियम म्हणजे?"

"म्हणजे मीठच समजा. आजींच्या अंगात मीठ कमी आणि त्याच्या मानाने पाणी जास्त झालंय. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. आधी मळमळ, डोकेदुखी, मग ग्लानी, भ्रम, आणि शेवटी हा झटका."

"पण रक्तदाबाला मीठ वाईट," मी म्हटलं.

"जास्त मीठ वाईट. ही गोळी लघवीतून मीठ बाहेर काढते, तेच तिचं काम आहे. म्हणून कमी सांगतात, बंद नव्हे. यांना मीठ मिळतच नव्हतं बहुतेक. खात काय होत्या?"

"पेज."

"पेज म्हणजे पाणीच की हो," ती म्हणाली. "आणि वरून पाणी किती?"

"तीन लिटर," मी म्हटलं. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लिहायला लागली.

मला वाटलं, आता मिठाचं सलाइन धो धो सोडतील आणि दुपारपर्यंत आई उठून बसेल. तसं नव्हतं. सुरुवातीला झटक्यासाठी थोडं जास्त ताकदीचं सलाइन दिलं आणि मग थेंब इतके कमी केले की ते पडतात की नाही असं वाटावं. मी जाऊन विचारलं, "वेळ का काढताय?" ती चिडली नाही. म्हणाली, "जे हळूहळू उतरलं ते एकदम चढवता येत नाही. घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. मग आजी वाचतील, पण बोलणार नाहीत, गिळणार नाहीत. दिवसाला सात-आठच्या वर आम्ही जाऊ देणार नाही." दर काही तासांनी रक्त काढून आकडा बघायचे. मी त्या पडणाऱ्या थेंबांसमोर खुर्ची टाकून बसलो. नर्सने चाक फिरवलं की उठून बघायचो, किती फिरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत चुका शोधत राहिलो, आणि आता समोरच्या एका आकड्यावर माझी आई परत येणार की नाही हे ठरणार होतं.

दुपारी भावजय आली. मी तिला कळवलं नव्हतं, टीचरनी माझ्या फोनवरून कळवलं होतं. एसटीतून उतरून चालत आली असावी, पायांवर धूळ होती. ती आईच्या पायथ्याशी उभी राहिली आणि डॉक्टरीणबाई आत आली.

"तुम्ही सून का? घरी जेवणाचं तुम्हीच बघता ना? एवढ्या म्हाताऱ्या माणसाचं मीठ सगळं बंद करतात?"

भावजय दवाखान्यात बोलतात तसं नीट मराठी बोलली. "मी घालत होते, बाई. थोडं थोडं."

"मग बंद कधी झालं?"

"नऊ दिवस झाले."

"का?"

भावजयीने माझ्याकडे बघितलं नाही. ती सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिली. पाच सेकंद गेले असतील, दहा गेले असतील. ती माझं नाव घेणार नाही, हे मला एकाएकी कळलं. ओरडा खाईल, घरी जाईल, आणि गावात कोणाला सांगणारही नाही. माझ्या टेबलासमोर हजारो माणसं उभी राहिली होती आणि प्रत्येकाने बोट दुसऱ्याकडे दाखवलं होतं. बोट दाखवायला हक्काची जागा असून गप्प राहिलेलं माणूस मी बघितलं नव्हतं. तेवीस वर्षं ते आमच्याच घरात होतं.

"मी बंद केलं," मी म्हटलं. "नऊ दिवस आई माझ्याकडे आहे. ही घालत होती ते मी हिच्या हातातून काढून घेतलं."

डॉक्टरीणबाईने लिहिणं थांबवलं. मग एवढंच म्हणाली, "त्या चिमटीवरच त्या इतके दिवस टिकल्या असणार."

संध्याकाळी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आकडा एकशे तेरा होता. आई अजून डोळे उघडत नव्हती. मी म्हटलं, "तू माका आधी कित्याक नाय सांगलंस?"

"सांगलंय," ती म्हणाली. "तीनदा. तुमी वही वाचून दाखवलास."

"मगे चोरून कित्याक घालीत होतंस? तुका काय गरज होती?"

तिला उत्तर द्यायचं होतं असं वाटलं. पण तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आई उठल्यो काय त्येंकाच इचारा." मला वाटलं, मला टाळते आहे. संशय असा लवकर जात नाही, लंगडतो पण चालतच राहतो.

दुसऱ्या दिवशी आकडा एकशे सोळा झाला, मग अठरा. आईने डोळे उघडले, पण ते कोणावर ठरत नव्हते. मी तिच्या कानाशी जाऊन "आई" म्हटलं, तिने तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, शुद्ध येईल तसं कळेल, किती परत येतंय ते आत्ता सांगता येत नाही. त्या दिवशी मी कुणकेश्वराला नवस बोललो. देवाने मान्य केला असेल की नाही कोण जाणे, माझं टेबल त्याला माहीत असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे चोवीस. आई उशीला टेकून बसली होती. चेहरा सुकलेला, पण डोळ्यांत माणूस आलं होतं. डॉक्टरीणबाई कागद घेऊन पलंगाशी बसली. मी एका बाजूला, भावजय दुसऱ्या बाजूला.

"आजी, आपण कुठे आहोत?"

"दवाखान्यात. आणि खंय?"

"ही कोण?"

"माझी सून."

डॉक्टरीणबाईने माझ्याकडे बोट केलं. "आणि हे?"

आई माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझो झील, म्हणजे माझा मुलगा, असं म्हणायच्या ऐवजी ती पुन्हा साहेब म्हणेल अशी मला भीती होती. मग ती भावजयीकडे वळली. हाताने खूण करून तिला जवळ वाकायला लावलं. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं कुजबुजणंही अख्ख्या वॉर्डाला ऐकू जातं.

"ह्यो भायर गेलो काय माका पेज दी गो," ती म्हणाली. "मी तुका सांगलंय तसा मीठ घाल. माझ्या झिलाक कळाक देव नको हां, तो तुका बोलात."

भावजयीने माझ्याकडे न बघता मान हलवली. डॉक्टरीणबाईला हसू आलं. "छान," ती म्हणाली, "माणसं बरोबर ओळखतात आता." आणि तिने कागदावर तसं लिहिलं.